दोन बोटं कमी

मंगळवार, रात्र

आज भागवताच्या दशम स्कंधातला नववा अध्याय पुन्हा वाचला. जेमतेम 23 श्लोकांचा. उखळाला बांधलेल्या कृष्णाची गोष्ट लहानपणापासून ऐकतेय, तरी आज अडकले ती दुधापाशी.

यशोदा दही घुसळत असते. कृष्ण येऊन रवी धरतो, ती त्याला पाजायला घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जाऊ लागतं आणि ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. साक्षात परब्रह्म मांडीवर असताना! पण मला यात तिचं काही चुकलंय असं वाटत नाही. ते दूध तरी तिने कुणासाठी तापवलं होतं?

मग पोराचा राग. दगडाने माठ फोडतो, आत जाऊन लोणी खातो, उपड्या उखळावर बसून माकडांना वाटतो. ती छडी घेऊन मागे धावते. सापडतो तेव्हा रडून डोळे चोळतोय, काजळ पसरलेलं. पोर भ्यालंय हे दिसताच ती छडी टाकून देते. बांधायला जाते तर दावं दोन बोटं कमी. दुसरं जोडलं, तरी दोन बोटं कमीच. घरातली सगळी दावी संपतात, गवळणी हसायला लागतात. शेवटी घामाघूम झालेली, केसांतली फुलं गळालेली आई पाहून तोच बांधून घेतो. एक बोट भक्ताच्या कष्टाचं, एक देवाच्या कृपेचं, असा अर्थ लावतात. सुंदरच आहे तो. पण मला आधी दिसते ती दमलेली बाई.

आदल्याच अध्यायात तिने त्याच्या तोंडात सगळं विश्व पाहिलंय, आणि लगेच विसरलीय. ते विसरणं हीच तिच्यावरची मोठी कृपा, असं मला वाटतं. आठवत राहिलं असतं, तर तिने हात जोडले असते. दावं हाती धरवलंच नसतं.

पहिल्या स्कंधात, युद्ध संपल्यावर, कृष्ण द्वारकेला निघतो तेव्हा कुंती त्याची स्तुती करते. त्या स्तुतीत तिला हाच प्रसंग आठवतो: काजळ ओघळलेला, मान खाली घालून उभा असलेला मुलगा. ज्याला प्रत्यक्ष भयही भितं, तो आईला भ्याला, याने मी गोंधळून जाते, असं ती म्हणते. पहिलं मूल नदीत सोडलेली आई आहे ही. यशोदेच्या हातातलं दावं तिला नेमकं तेव्हा का आठवलं असेल, हे मगापासून मनातून जात नाहीये.