तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनांचे नंबर कशाला टिपता?

कर्जतच्या फलाटाच्या टोकाला मी वही घेऊन उभा असलो की वडापाव घ्यायला उतरलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. गाडी सुटायच्या घाईत धड सांगून होत नाही.

आधी कर्जतच का, ते. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून बँकर लागतात. पुढे बोरघाट, ३७ फुटांना एक फूट असा चढ. एकट्या पुढच्या इंजिनाला तो झेपत नाही, डबे जोडणाऱ्या कपलिंगवरही ताण येतो. म्हणून मागून दोन-तीन इंजिनं गाडीला लोणावळ्यापर्यंत रेटतात. बँकर अगदी सावकाश येतो, शेवटच्या डब्याला टेकतो, आणि तो धक्का एकेका डब्यातून पुढे पुढे जाताना ऐकू येतो. कितीदा ऐकला तरी मला तो पुरत नाही. इंजिन तेवढ्यात समोर उभं असतं, मग नंबर वाचून घ्यायचा. पाच आकडे, आणि अंगावर शेडचं, म्हणजे ज्या कारशेडमध्ये त्याची देखभाल होते तिचं, नाव.

एकट्याच्या नोंदीला फारसा अर्थ नाही, हे खरं. पण मी कर्जतला टिपलेलं एक मालगाडीचं इंजिन, डब्ल्यूएजी-७, पुढे इगतपुरीच्या मित्राला दिसलं. काही महिन्यांनी नागपूरच्या मित्राने त्याचाच फोटो पाठवला. अंगावर 'कल्याण'च्या जागी नागपूरच्या शेडचं नाव, 'अजनी', आलं होतं आणि नव्या रंगाखालून जुन्या 'ल्या'चा काना अजून दिसत होता. शेड बदलल्याचं आम्हाला कळलं ते असं, तिघांच्या वह्या जुळवून.

आणि इंजिनं जातात ती न सांगता जातात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे तारांमध्ये २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला. २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईतला डीसी संपला. घाटात वर्षानुवर्षं बँकर म्हणून राबलेलं, चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेलं डब्ल्यूसीजी-२ जातीचं इंजिन त्याआधीच दिसेनासं झालं होतं. नावातला 'सी' म्हणजे डीसी. ते दुसऱ्या कुठल्या तारेखाली चालूच शकत नव्हतं. लहानपणी आजोळी पुण्याला जाताना मी ते शेकडो वेळा पाहिलंय, खिडकीतून मान काढकाढून. नंबर मात्र एकाचाही लिहून ठेवला नाही. ते कायम असणारच, असं वाटायचं.

वही सुरू झाली ती त्यानंतर.

तुमच्या घरी लोणावळा-खंडाळ्याच्या सहलीचे जुने फोटो असतील, तर एकदा माणसांच्या मागे काय दिसतंय ते निरखून बघा. कोपऱ्यात एखादं डब्ल्यूसीजी-२ उभं असेल आणि नंबर वाचता येत असेल, तर मला नक्की कळवा. वहीची पहिली दोन पानं मी अजून कोरी ठेवली आहेत.