आमची वाटचाल : एक माणूस, दोन कामे

आमच्या फर्मचे पहिले दरपत्रक मी रावपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतले होते आणि त्यात एकच ओळ होती : ‘जॅझ गायन व पियानो, तीन तास’. दोन्ही कामे माझीच. ते वाचून वडोदऱ्यातल्या एका हॉटेलच्या व्यवस्थापकांनी विचारले, ‘‘बेन, गाणारं आणि वाजवणारं माणूस एकच आहे ना? मग एवढी रक्कम कशी?’’ रक्कम दोघांची सोडाच, दीड माणसाचीही नव्हती. पण मला उत्तर सुचले नाही आणि मी २० टक्के सूट देऊन घरी आले. फर्मचे हिशेब माझा धाकटा भाऊ पाहतो. त्याने त्या दिवशीच्या नोंदीपुढे ‘उत्तर न सुचल्याबद्दल सूट’ असे लिहिले आहे आणि ती वही आम्ही अजून जपून ठेवली आहे.

आमचे घर दांडिया बाजारातले. सूरसागरच्या काठी जे संगीत महाविद्यालय आज विद्यापीठाचा भाग आहे, त्याचे मूळ महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. अशा गावातल्या मराठी घरात मुलीने ख्याल शिकणे हे ओघानेच आले, आणि मीही तो शिकले. पियानो मात्र फत्तेगंजमधल्या एका बाईंकडे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा देत शिकले. बरीच वर्षे या दोन शिकवण्या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या. मुंबईच्या मामांकडे अमेरिकन जॅझ गायक आणि पियानोवादक नॅट किंग कोल यांची जुनी त्रयी ऐकली, तेव्हा पहिल्यांदा मधले दार उघडले.

त्या त्रयीत पियानो, गिटार आणि बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) एवढीच वाद्ये होती, ड्रम नव्हते. १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये ती जमली तेव्हा कोल यांची ओळख पियानोवादक म्हणूनच होती आणि गाणे मागाहून पुढे आले. ते इतके पुढे आले की १९५०च्या दशकात ते बहुधा वाद्यवृंदासमोर उभे राहूनच गाऊ लागले. १९५६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला, पण एका काळ्या कलावंताच्या कार्यक्रमाला देशभरासाठी प्रायोजक मिळेना आणि पुढच्याच वर्षी तो बंद पडला. त्याच १९५६ मध्ये त्यांनी पुन्हा पियानोवर बसून केलेले ध्वनिमुद्रण मी नवीन विद्यार्थ्यांना आधी ऐकवते. माझ्या मते उभ्या कोलपेक्षा बसलेले कोल मोठे, पण या मताला बाजारात काही किंमत नाही, हेही मला ठाऊक आहे.

अमेरिकन गायिका आणि पियानोवादक नीना सिमोन यांची गोष्ट तर आमच्या धंद्याच्या मुळाशीच जाऊन भिडते. त्यांची सारी तालीम अभिजात पियानोची. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेने प्रवेश नाकारल्यानंतर, १९५४ साली, त्यांनी अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये पियानो वाजवण्याची नोकरी धरली. मालकाने सांगितले की नोकरी टिकवायची असेल तर गावेही लागेल, आणि त्या गाऊ लागल्या. धर्मोपदेशक असलेल्या आईला कळू नये म्हणून युनिस वेमन हे नाव बदलून नीना सिमोन हे नावही त्यांनी त्याच सुमारास घेतले. हे वाचले त्या दिवशी मी भावाला म्हटले की दुसरे काम पहिल्याच पगारात धरण्याची पद्धत आपल्या व्यवस्थापकांनी काढलेली नाही.

वडोदऱ्यात जॅझचा व्यवसाय करायचा म्हणजे एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, त्यामुळे जगभर हे संगीत ज्या बारच्या आधाराने जगले तो आधार आम्हाला नाही. तीसच्या दशकात टेडी वेदरफर्डसारखे अमेरिकन पियानोवादक मुंबईच्या ताजमध्ये वाजवत, तसे वातावरण इथे मागणे व्यर्थ आहे. आमचे श्रोते कोल्ड कॉफी आणि सँडविच घेऊन बसतात, बरोबर मुले आणि आजी-आजोबा असतात, आणि खरे सांगायचे तर लक्ष देऊन ऐकतात. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक चालत नाही, म्हणून आम्ही पावणेसातला सुरू करतो. ४५ मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये १५ मिनिटांची विश्रांती. डिसेंबर-जानेवारीत परदेशातून आलेल्या मंडळींची लग्ने असतात, तेव्हा एका महिन्यात १४-१५ कार्यक्रम होतात. नवरात्रात एकही होत नाही, कारण आमचे ड्रमवादक आणि बासवादक दोघेही गरब्याच्या वाद्यवृंदात असतात आणि तिथे त्यांना आमच्यापेक्षा बरे पैसे मिळतात.

आता हॉटेलच्या व्यवस्थापकांच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण त्याचे उत्तर मला एका फजितीतून मिळाले. एका हॉटेलच्या लॉबीत बेबी ग्रँड पियानो होता आणि त्यावर रोज ताज्या फुलांची मोठी फुलदाणी ठेवत. ऐन पावसाळ्यात आम्हाला बोलावले, तेव्हा फुलदाणी हलवलेली होती, पण तिचे पाणी कधीतरी आत झिरपले होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्याच गाण्यात मधल्या सप्तकातली बी-फ्लॅट, म्हणजे पेटीवाल्यांची काळी पाच, दाबली ती खालीच राहिली. बोटाने उचलावी तेव्हा वर येई आणि पुन्हा स्पर्श होताच रुतून बसे. पुढचे गाणे मी नेहमी काळी दोनमध्ये, म्हणजे तिला षड्ज धरून, गाते आणि त्या स्वरात काळी पाच म्हणजे पंचम. पंचमाशिवाय गाणार काय? बासवादकाला हळूच ‘पांढरी दोन’ असे सांगून मी अर्धा स्वर खाली उतरले. पांढरी दोनच्या सप्तकात काळी पाच येत नाही. तरी एका वळणावर एफ-शार्प सेव्हन्थ हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) टाळता येईना आणि त्यातला गंधार नेमकी तीच रुसलेली पट्टी. तिथे मी हाताने तो सूर सोडला, चालीत थोडा फेर केला आणि तो गंधार गळ्याने धरून ठेवला. समोर कोणाला काही कळले नाही. बासवादक मात्र हसले.

दुसऱ्या दिवशी भावाने विचारले की हे गाणारा एक आणि वाजवणारा दुसरा असता तर जमले असते का. नसते जमले, कारण तेवढ्या वेळात एकाने दुसऱ्याला सांगणार कसे? पण त्याच उत्तराची दुसरी बाजू अशी की हे एकाच डोक्यात घडते म्हणून ते कमी कष्टाचे होत नाही. नवशिक्या माणसाचा हात गळ्याच्या मागे फरफटत जातो आणि चालीचा प्रत्येक सूर बोटेही वाजवू लागतात. ते सोडवायला मला चार वर्षे लागली. बास सोबत असेल तर डाव्या हाताने षड्ज सोडून द्यायचा, कॉर्डचे गंधार-निषाद तेवढे ठेवायचे, गाताना हात आवरायचा आणि श्वासाच्या जागी भरायचा. त्यातच बसून गायचे, म्हणजे पोट दबते, म्हणून बाकाची उंची बोटभरही चुकून चालत नाही. मायक्रोफोनचा आडवा दांडा डावीकडून घ्यायचा, आणि झाकण श्रोत्यांकडे उघडावे म्हणून पियानो असा ठेवायचा की लोकांना आपला फक्त उजवा गाल दिसतो. ज्यांच्यासाठी गायचे त्यांच्याकडे मान वळवली की तोंड मायक्रोफोनपासून सुटते.

दोन्ही कामे एकमेकांत किती मुरलेली असतात हे अमेरिकन गायिका आणि पियानोवादक शर्ली हॉर्न यांच्या आयुष्यात दिसते. त्या इतक्या संथ लयीत गात की दुसऱ्या साथीदाराचा धीर सुटावा, पण लय त्यांच्याच हातात असल्यामुळे ते शक्य होई, आणि बास व ड्रमवरचे त्यांचे दोन साथीदार सुमारे २५ वर्षे तेच राहिले. मधुमेहामुळे त्यांचे उजवे पाऊल कापावे लागले आणि त्याने दाबायचे पियानोचे पेडल गेले. नंतर पियानोवर दुसरे वादक बसले, त्या गात राहिल्या. वादक उत्तमच होते; तरी त्या काळातले गाणे ऐकताना मला दर दोन ओळींमध्ये काहीतरी कमी भासते.

तेव्हापासून आमच्या दरपत्रकात गायन आणि पियानो या दोन वेगळ्या ओळी आहेत आणि दोन वेगळ्या रकमा आहेत. पहिल्या वर्षी त्यापायी तीन हॉटेले सुटली. भाऊ काळजीत पडला आणि मीही पडले होते, फक्त बोलले नाही. पुढे एका ग्राहकांनी दोन ओळी पाहून ‘फक्त पियानो’ मागवला, तेव्हा आम्हालाच उलगडले की वेगळे लिहिल्याने वेगळे विकताही येते. आज आमचे जवळपास एकतृतीयांश काम नुसत्या पियानोचे आहे. त्या उत्पन्नातून ८८ पट्ट्यांचा स्वतःचा डिजिटल पियानो घेतला. त्याचे वजन सुमारे २२ किलो आहे आणि जिन्यावरून तो कोणी उचलायचा यावरून अजून वाद होतात.

हॉटेलचा पियानो असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ट्यूनर, म्हणजे सूर जुळवणारा कारागीर, पाठवण्याचा खर्च तिसऱ्या ओळीत असतो. फुलदाणीबद्दलची अट त्याच्याखाली ठळक अक्षरांत आहे, आणि ती गुजरातीत लिहिली आहे, कारण फुले ठेवणारे काका मराठी वाचत नाहीत.