पडद्याच्या कोपऱ्यातली ट्राम

रविवार, रात्री साडेनऊ

आई आज वयाच्या 79व्या वर्षी पहिल्यांदा रीगलमध्ये गेली. जन्म गिरगावातला, लग्न होईपर्यंतचं सगळं आयुष्य ठाकूरद्वारच्या चाळीत. कुलाब्याला येता-जाता या थेटरावरून ती कितीदा गेली असेल, पण आत कधी नाही. "तिथे इंग्रजी पिक्चर लागायचे गं. आपले ते मॅजेस्टिक, सेंट्रल, रॉक्सी."

महिनाभर दर रविवारी सकाळी तिथे जुने चित्रपट दाखवताहेत आणि विषय आहे मुंबई. कळल्याबरोबर मी दोन तिकिटं काढली. गुडघ्याचं निमित्त करून ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण तीच पहाटे पाचला उठून आंघोळ करून बसली होती. मेगाब्लॉकच्या आत पोचायचं म्हणून डोंबिवलीहून पावणेआठची फास्ट पकडली. सीएसएमटीला आई अजून बोरीबंदरच म्हणते आणि तिच्यासोबत असले की मीही.

टॅक्सीत तिला सांगितलं की आपण आत्ता उतरलो ते स्टेशन ज्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचं, त्याच्या मुलानं, चार्ल्सनं, रीगलचा आराखडा केला. बापाने दगडात मोर, माकडं, पानंफुलं कोरून घेतली. मुलाच्या इमारतीत सगळ्या सरळ, स्वच्छ रेघा. 14 ऑक्टोबर 1933 ला ते उघडलं, तेव्हा वातानुकूलित थेटर आणि तळघरात गाड्या ठेवायची सोय ही केवढी नवलाई होती! आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाल्कनीचं काढलंस ना?" काढलं होतं. ती कठडा धरून एकेक पायरी चढली. वर पोचल्यावर दोन मिनिटं उभी राहून नुसती खाली बघत होती.

आजचा चित्रपट 'सी.आय.डी.', 1956 चा. राज खोसलांचं दिग्दर्शन, निर्माते गुरुदत्त, वहिदा रहमानचा पहिला हिंदी चित्रपट. घरच्या टीव्हीवर मी तो तीन-चारदा पाहिला आहे, आणि आज कळलं की पाहिलाच नव्हता. काळ्या रंगात इतके काळे असतात हे टीव्हीवर दिसतच नाही. आणि शेजारी पाच-सहाशे माणसं एकाच वेळी श्वास रोखतात, तेव्हा गोष्ट माहीत असूनही पोटात गोळा येतो.

मग जॉनी वॉकरचं ते मुंबईवरचं गाणं आलं. अख्खं थेटर गायला लागलं. पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलंसुद्धा, शब्द न चुकता. गीतकार मजरूहनी त्या गाण्यात मुंबईची यादीच दिली आहे. बिल्डिंगा, ट्रामा, मोटारी, गिरण्या. 'ट्राम' शब्द आला आणि आईने माझं मनगट धरलं.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, बेस्टच्या ट्रामवर कंडक्टर होते. जॉनी वॉकर सिनेमात येण्याआधी बेस्टच्या बसवर कंडक्टर होता. आजोबांच्या तोंडी एकच वाक्य असायचं म्हणे, "तो आमच्यातला." पडद्यावर तो दिसला की ते चाळीतल्या सगळ्यांना हे सांगत, दर वेळी नव्याने.

गाणं संपलं तरी आईने मनगट सोडलं नव्हतं.

रविवार

आज जाणं झालं नाही. आईला कणकण होती, बाहेर धो धो पाऊस. तिकिटं वाया गेली त्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं. दुपारभर पडून होती, मध्येच म्हणाली, "आज काय होतं गं?" मी सांगितलं नाही.

बुधवार, जेवणं झाल्यावर

आज ऑफिसातून येताना गाडीत बसायला मिळालं, तेव्हा एकच विचार डोक्यात फिरत होता. आईच्या मॅजेस्टिकमध्ये 14 मार्च 1931 ला 'आलम आरा' लागला, आपल्याकडचा पहिला बोलपट. आजोबा तेव्हा सोळा वर्षांचे. गर्दीत सदरा फाटला आणि घरी मार खाल्ला, ही गोष्ट आईने मला लहानपणी इतक्यांदा सांगितली आहे की तो फाटका सदरा मला डोळ्यांपुढे दिसतो. पण तो चित्रपट आज कुणालाच पाहता येत नाही. एकही प्रत शिल्लक नाही. मॅजेस्टिकही गेलं.

जुनी रिळं नायट्रेटची असत. ती भुरूभुरू जळत, आणि एरवीही आतल्या आत नासत जात. कितीएक रिळं त्यांतल्या चांदीसाठी लोकांनी वितळवली. हजाराहून जास्त मूकपट या देशात तयार झाले, त्यांतले मोजकेच हाती राहिले. 2003 च्या जानेवारीत पुण्याला प्रभातच्या जुन्या आवारात आग लागली, त्यातही नायट्रेटची कितीतरी रिळं गेली. ती बातमी वाचली तेव्हा मला हळहळ वाटली, पण जेवणाआधी विसरलेही. आता ती हळहळ वेगळी आहे. तेव्हा वाटलं होतं चित्रपट गेले. त्यांतल्या नटनट्यांच्या मागे कुणाकुणाचे रस्ते होते, दुकानं होती, पाठमोरी माणसं होती, तीही गेली, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

रविवार, संध्याकाळ

'छोटी सी बात'. बासू चॅटर्जी, 1976. आई हसून हसून दमली. अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे उभा राहतो तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे बोल की!" आणि सगळं थेटर खळाळलं. माझ्या मागच्या बाई प्रत्येक दृश्याला जागा ओळखत होत्या. पहिल्यांदा मला त्रास झाला, दहाव्या मिनिटाला मी त्यांच्या सांगण्याची वाट बघायला लागले.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आई अमोल पालेकरकडे बघतच नाहीये. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे होती. रांगेतली माणसं, कुणाच्या हातातली पिशवी, लाल बस, दुकानाची पाटी. हे कुणी मुद्दाम टिपून ठेवलं नव्हतं. कॅमेरा नायकावर होता, त्या दिवशी जे मागे होतं ते सोबत आलं. पन्नास वर्षांनी ते मागचंच आम्हाला जास्त मोलाचं वाटतंय.

चित्रपटात जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे आहे. रीगलपासून ते चालत पाच मिनिटांवर, म्हणून बाहेर पडल्यावर आईला हळूहळू तिथवर नेलं. समोवार 2015 मध्ये बंद झालं. मी बाबांबरोबर तिथे एकदाच गेले होते, दहावीच्या निकालाच्या दिवशी. बाबांनी चहा मागवला आणि बिल बघून खिशातले पैसे टेबलाखाली मोजले. मी ते पाहिलं हे त्यांना कधी कळू दिलं नाही. आज गॅलरीच्या पायरीवर आई बसली, मी तिला पाणी दिलं आणि ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मला माहीत आहे. घरी आल्यावर रडले होते ते."

आम्ही बराच वेळ तिथेच बसलो होतो.

रविवार, रात्र

शेवटचा खेळ. 'घरोंदा', 1977. आईला नेऊ की नको, असं झालं होतं. चाळीतल्या खोलीत, दुसऱ्यांच्या गर्दीत राहणारी दोन नोकरदार माणसं पैसा पैसा जोडून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पळून जातो. आमच्या घरातही हेच घडलं आहे. मी दुसरीत असताना बाबांनी आईच्या पाटल्या मोडून एका बिल्डरकडे पैसे भरले होते. पाया खणला, चार खांब उभे राहिले आणि तो माणूस नाहीसा झाला. ते चार खांब पुढे कितीतरी वर्षं गाडीतून दिसत. बाबा त्या बाजूच्या खिडकीत कधी बसले नाहीत.

आईने सगळा चित्रपट डोळ्यांना पदर न लावता पाहिला. त्या दोघांचं शहरभर घर शोधत फिरायचं गाणं आलं, अर्धवट इमारतींमधून फिरतात ते, तेव्हा फक्त म्हणाली, "हे खरं आहे." 

मध्यंतरात शेजारचे एक आजोबा बोलायला लागले. उपनगरातल्या एका थेटरात त्यांनी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका येऊन जातो, तो त्यांनी मला दाखवला. आजवर इतके चित्रपट पाहिले, मला तो कधी दिसला नव्हता. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची, काही सेकंदांनी दुसरा येतो, त्याला चित्र दुसऱ्या प्रोजेक्टरवर घ्यायचं. चुकलं तर खालून शिट्ट्या. आता सगळं डिजिटल, पण जुन्या प्रतीवरून उतरवलं की ठिपके त्यातही येतात. "तो दिसला की अजून हात उचलतो बघा," असं म्हणून त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. मध्यंतरानंतर मी दोन्हींकडे बघत होते. ठिपका आला की अंधारात त्यांचा हात खरंच मांडीवरून वर येत होता.

परतीच्या गाडीत आईला विचारलं, पडद्यावर एवढं मागे काय शोधत असतेस? ती आधी काही बोलली नाही. आजोबांना ती दादा म्हणायची. कुर्ला गेल्यावर म्हणाली, "दादांचा गणवेशातला एकही फोटो नाही आपल्याकडे. लग्नातला आहे, नाशिकचा आहे. ट्रामवरचा नाही. कोण काढणार होतं?"

31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आई तेव्हा अठराची. रस्ताभर दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, असं ती सांगते. आजोबांची त्या दिवशी ड्युटी नव्हती, ते नुसते बघायला गेले होते. रात्री उशिरा घरी आले आणि न जेवता झोपले. पुढे त्यांना बसवर घेतलं. पण दादर टीटीला उतरणाऱ्या एखाद्या तरुण माणसाला ते हटकून विचारत, टीटी म्हणजे काय ते माहीत आहे का? ट्राम टर्मिनस.

चित्रपटवाले पंचावन्न-साठच्या सुमाराला रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरत होते, आजोबा रोज त्याच रस्त्यांवर होते. आईचा हिशेब एवढाच आहे.

सोमवार

सकाळी डबा भरत होते तर आई कालच्या तिकिटाची पाठकोरी बाजू आणि पेन घेऊन ओट्यापाशी आली. चौसष्टच्या आधीचे, मुंबईच्या रस्त्यांवर काढलेले पिक्चर सांग म्हणाली.

मी सांगितलं, 'टॅक्सी ड्रायव्हर', 1954, चेतन आनंदचा. तिने लिहिला. मग 'काला बाजार', 1960. त्यात देव आनंदची बसकंडक्टरची नोकरी जाते आणि तो तिकिटांचा काळाबाजार करायला लागतो. लिबर्टीबाहेरची खरीखुरी प्रीमियरची गर्दी आहे त्यात.

"कंडक्टर?" आईने पेन थांबवलं. मग त्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "हा आधी लाव. आज संध्याकाळी लवकर ये."