एकदिवसीय शहरदर्शनाचा आराखडा: अंतराऐवजी फेऱ्यांवरून केलेली आखणी

सार्वजनिक वाहतुकीने एका दिवसात शहर पाहण्याच्या आराखड्याचे काम आता ठिकाणांचा क्रम लावण्यापर्यंत आले आहे. ठिकाणांची यादी, त्यांच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्ट्या आधीच नोंदवून झाल्या होत्या. या खेपेस तक्त्यात शेवटच्या प्रवेशाचा एक रकाना वाढवला, कारण अनेक संग्रहालयांची तिकीट खिडकी दालनांच्या आधीच बंद होते आणि आखणीत खरी अडवणूक तीच वेळ करते.

सहा ठिकाणे घेतली तरी त्यांचे ७२० क्रम संभवतात. ते सारे तपासत बसण्याचे कारण नाही. वेळांची बंधने लावली की बहुतेक क्रम आपोआप गळतात. उरलेल्यांमधून निवड करताना जवळचे ठिकाण आधी, लांबचे नंतर हा प्रचलित नियम मी बाजूला ठेवला असून प्रत्येक ठिकाणासमोर तेथे जाणारी गाडी किती मिनिटांनी सुटते हे लिहिले आहे. दर पाच मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक उघडण्याचीही गरज नसते आणि ते ठिकाण दिवसात कोठेही बसते. दर चाळीस मिनिटांनी एकच बस जिथे जाते, ते ठिकाण मात्र साऱ्या आराखड्याचा खुंटा ठरते. त्याची जाण्याची आणि परतीची फेरी आधी पक्की करायची आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती लावायचा, असा माझा आता ठाम कल आहे.

थांब्यावरच्या प्रतीक्षेचा हिशेबही नव्याने मांडला. दर दहा मिनिटांनी बस म्हणजे सरासरी पाच मिनिटे थांबणे, हे गणित बस नेमाने आली तरच खरे ठरते. रहदारीत दोन बस एकमेकींना चिकटत जाऊन त्यांच्यातले अंतर आळीपाळीने पाच आणि पंधरा मिनिटे झाले, तर सरासरी अंतर दहाच राहते, पण आपण केव्हाही थांब्यावर पोहोचलो तरी पंधरा मिनिटांच्या खंडात सापडण्याची शक्यता तीन चतुर्थांश असते, त्यामुळे सरासरी प्रतीक्षा सव्वासहा मिनिटांवर जाते. एका टप्प्यात हा फरक किरकोळ वाटतो. गाडी बदलून पुढची विरळ फेरी गाठायची असेल तेव्हा मात्र तोच फरक अर्ध्या तासाला पडू शकतो, म्हणून विरळ फेरीच्या आधीचा टप्पा शक्य तेथे बसऐवजी रेल्वेने किंवा मेट्रोने ठेवला आहे.

मेट्रोच्या नकाशावर अंतरे मोजू नयेत, हे जाणकारांना सांगायला नको. हॅरी बेक यांनी १९३१ मध्ये आखलेला आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलण्याच्या जागा दाखवतो, भूगोल नव्हे. तेथील लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे, आणि फलाटापर्यंत उतरून पुन्हा वर येण्याच्या वेळात माणूस तेवढे सहज चालून जातो. त्यामुळे लागून असलेल्या प्रत्येक जोडीसाठी चालण्याचा वेळही तक्त्यात लिहिला आहे, मिनिटाला ८० मीटर या हिशेबाने. रस्ता ओलांडण्याचा वेळ त्यात येत नाही.

वेळापत्रकांसाठी जीटीएफएस या, सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रके नोंदवण्याच्या सामायिक स्वरूपातली खुली माहिती वापरतो आहे. २००५ मध्ये गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांच्या सहकार्यातून हे स्वरूप आकाराला आले, आणि त्यातल्या फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे त्या कोणत्याही तक्त्यात उघडता येतात. नवख्याला त्यात गोंधळवणारी एक गोष्ट म्हणजे मध्यरात्रीनंतरच्या वेळा. शुक्रवारच्या सेवेतली रात्री एक वाजून दहा मिनिटांची फेरी तेथे २५:१० अशी, म्हणजे शुक्रवारचेच तास चोविसाच्या पुढे मोजून, लिहिलेली असते. ती शनिवारच्या सेवेत शोधली तर सापडत नाही, आणि परतीची शेवटची गाडी ठरवताना नेमकी हीच फेरी हवी असते. दिवसभराच्या पासाबाबतही असाच प्रश्न येतो. काही पास तारीख बदलताच संपतात, काही सेवेचा दिवस संपेपर्यंत चालतात, तर काही पहिल्या वापरापासून २४ तास. म्हणून पासाच्या रकान्यात नुसते 'आहे' न लिहिता तो संपण्याची वेळ लिहिली आहे.

परतीचा प्रवास शेवटून मागे मोजत आणला आहे. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवलेली नाही. तिच्या आधीची फेरी हीच आराखड्यातली परतीची फेरी, आणि शेवटची केवळ राखीव. संध्याकाळच्या टप्प्यात उघड्यावरचे, तिकीट नसलेले ठिकाण ठेवल्यामुळे उशीर झाल्यास ते विनासायास वगळता येते.

एकेरी रस्त्यांमुळे परतीचा थांबा अनेकदा शेजारच्या रस्त्यावर असतो. ते थांबे नकाशावर एकेक करून तपासण्याचे काम बाकी आहे आणि ते झाल्याशिवाय चालण्याच्या वेळांचा रकाना पूर्ण धरता येणार नाही.