सव्वाबाराची सावली

मुंबईत 1966 साली सुरू झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा कार्यकर्ता म्हणून मी यवतमाळ भागातल्या गावांमध्ये प्रयोग घेऊन फिरतो. विज्ञान मातृभाषेत सांगितले की लोक ऐकतात, हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन. 22 मेच्या शून्य सावलीच्या कार्यक्रमापासून मात्र ते बोलताना अडखळतो.

आमच्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैमधली खेप बहुधा ढगांत जाते, म्हणून मेमधलीच धरायची. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालते, यवतमाळ 78 अंशांच्या जवळ आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे मेच्या अखेरीस इथली खरी माध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास होते. हा हिशेब पाठ असूनही पत्रकावर मी 'दुपारी 12' लिहिले, कारण खेड्यातली माणसे उशिराच येतात असे मी धरून चाललो होतो.

माणसे पावणेबारालाच आली. बाराच्या ठोक्याला पटांगणात उभ्या केलेल्या तीन फुटी पाइपची तीन-चार बोटे सावली पश्चिमेला पडलेली होती. "सर, हे त आहे अजून," कोणीतरी म्हणाले. मी रेखांश समजावून सांगेपर्यंत त्या रणरणत्या उन्हातून निम्मे लोक घरी गेले.

राहिलेल्यांत एक वयस्क मिस्त्री होते. सव्वाबारा होत आले तरी बोटभर सावली हटेना, तेव्हा ते जवळ आले. "सर, तुमचा पाइपच वाकडा हाये." पाइप सरळ आहे की नाही, हे मी नुसत्या नजरेने ठरवले होते! त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला, आधी एका बाजूने, मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने दोरी धरली आणि बुडाखाली खापरीचा तुकडा सरकवला. सावली बुडाशी विरली. पोकळीतून उतरलेल्या उन्हाची गोल चकती तळाशी लख्ख दिसली. मिनिटा-दोन मिनिटांत पूर्वेला बारीक काळी कोर उमटली.

ओळंब्याची दोरी गुंडाळत त्यांनी विचारले, "मग कागदावर बारा कायले लिहिलं जी?"

छापताना चुकले, असे मी त्यांना सांगितले.