कुठल्याच चित्राशी न जुळणारा तुडतुडा

नमुना दक्षिण इलिनॉयमधला, ऑक्टोबरातला. ओक-हिकरीच्या जंगलाला लागून असलेल्या दिव्यापुढे टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर सापडलेले, अल्कोहोलमध्ये ठेवलेले तुडतुडे. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. मागच्या नडगीवर काट्यांच्या रांगा, म्हणजे तुडतुडाच. पुढच्या पंखाच्या टोकाजवळच काय त्या आडव्या शिरा, बाकी पंख मोकळा. म्हणजे टायफ्लोसायबिनी उपकुळ. आपल्याकडचा कपाशीवरचा हिरवा तुडतुडा याच उपकुळातला, त्यामुळे ज्यांनी तो भिंगाखाली पाहिलाय त्यांना ही ठेवण परकी वाटणार नाही.

पंखांवर तिरकस तांबड्या रेघा होत्या, पण रंगावर जातीचं नाव मी लावत नाही. हिवाळा काढण्यासाठी पालापाचोळ्यात शिरणारे प्रौढ गडद तांबडे होतात, आणि अल्कोहोलमध्ये तोच तांबडा रंग उतरतो. शिवाय दिव्यावर आलेल्या कीटकाचं झाड कोणतं हे कळत नाही. पानावरून पिल्लांसकट उचलला असता तर अर्धं काम तिथेच झालं असतं. माद्यांवरून तर बहुतेक जातींत काहीच ठरत नाही. जात ठरते ती नराच्या जननावयवांच्या आकारावरून, म्हणून मी सहा नर वेगळे काढले.

आधी एकच घेतला. बारीक चिमट्याने उदर बुडापासून सोडवलं आणि 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये रात्रभर, खोलीच्या तापमानाला ठेवलं. घाई असली की लोक गरम करतात. द्रावण उकळलं की बुडबुड्यांनी उदर फाटतं, आणि जास्त वेळ राहिलं तर सगळं इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत. मग पाण्यात धुऊन, खोलगट काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात. एडीगस, म्हणजे नराचा मुख्य जननावयव, बाजूने आणि मागून असा दोन्हीकडून पाहावाच लागतो. जरा तिरका पडला की टोकाच्या शाखा आखूड भासतात.

इथे शाखा भासत नव्हत्या, खरोखरच खुंटलेल्या होत्या. स्टाइलचं, म्हणजे एडीगसच्या बाजूच्या जोडअवयवाचं, टोक मात्र व्यवस्थित होतं, त्यावरून एराटोन्यूरा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), ठरली. त्या प्रजातीतल्या जातींची छापील चित्रं समोर घेऊन तास-दीड तास ताडून पाहिली. एकही जुळेना. नवी जाती सापडली असं मनात आलंच. खोटं कशाला बोला.

नंतर उदराच्या बुडाकडे नजर गेली. तिथे आत दोन पातळ पट्ट्यांसारखे अपोडीम असतात. नर कंपनांतून साद घालतो तेव्हा त्यांना चिकटलेले स्नायू कामी येतात. निरोगी प्रौढ नरात ते लांब मागे पोचतात. यात नुसते ठोंब होते. नुकती कात टाकलेल्या नरातही असंच दिसतं, पण तेव्हा अंगाचं कवच मऊ आणि फिकट असतं. याचं पूर्ण कडक होतं.

उरलेल्या पाचांपैकी एकाचं उदर जरा फुगीर होतं. ते पोटॅशमध्ये न घालता अल्कोहोलमध्येच उघडलं. आत एकच अळी, उदर काठोकाठ भरून. मोठ्या डोक्याच्या पिपुंक्युलिडी माशीची. ती आतच वाढते, फुगवट्यापलीकडे बाहेर काही खूण नसते, आणि वाढ पूर्ण झाली की यजमानाला फोडून मातीत कोषात जायला निघते. ड्रायनिड गांधीलमाशीची अळी असती तर उदरावर पिशवी लोंबताना दिसली असती. अशा परजीवींमुळे नराची जननांगं खुरटतात, हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अल्फ्रेड झार्द यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुडतुड्यांवरच दाखवलं होतं.

पहिल्या नराची अळी माझ्या हातूनच विरघळली होती, कारण पोटॅश सगळं मऊ मांस खातं. धुतलेलं पाणी पुन्हा गाळून पाहिलं. तोंडाचे काळपट आकडे तेवढे सापडले. तेव्हापासून पोटॅशच्या आधी प्रत्येक उदर खालून उजेड टाकून पाहायचं ठरवलं. आत दाट, सलग सावली दिसली की तो नर बाजूला.

बाकीचे चार नर एकमेकांशी जुळले, आणि आधीच वर्णन झालेल्या एका जातीच्या चित्राशीही. त्यांना नाव मिळालं. पहिल्याचं उदर ग्लिसरिनच्या छोट्या कुपीत घालून त्याच्याच टाचणीला लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: एराटोन्यूरा, जात अनिश्चित, नर, परजीवीग्रस्त. दुसऱ्यालाही तीच चिठ्ठी. त्याची अळी वेगळ्या कुपीत, अल्कोहोलमध्ये, त्याच क्रमांकाने.