रडलं का, बाई?

परवा भाच्याने व्हॉट्सॅपवर एक संशोधन पाठवलं. 'मावशी, हे तुझ्या खात्याचं.' तो पुण्यात संख्याशास्त्र शिकतो आणि मी साक्री तालुक्यातल्या उपकेंद्रात एकोणीस वर्षं नर्सबाई होते, एवढंच आमचं नातं त्याला आठवतं.

विषय जपानातल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचा. अपघात ११ मार्च २०११ चा. शेर्ब, मोरी आणि हायाशी या संशोधकांनी २०१६ साली मांडलं, की सगळ्यात जास्त किरणोत्सार पडलेल्या सहा प्रांतांत दहा महिन्यांनी पेरिनेटल मृत्यू १५.६ टक्क्यांनी वाढले. पेरिनेटल म्हणजे पोटातच गेलेली आणि जन्मल्यावर पहिल्या सात दिवसांत गेलेली मुलं, दोन्ही मिळून.

दहा महिने म्हटल्यावर मी बोटं मोजायला लागले. सवयच ती. जानेवारीतली बाळंतपणं, म्हणजे अपघातानंतर ज्यांना दिवस गेले त्या बाया.

भाचा विचारतो, खरं कोणाचं? कारण संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती म्हणते, लोकांना मिळालेला किरणोत्साराचा डोस कमी होता, गरोदरपणावर परिणाम दिसत नाही. १९८६ साली सोव्हिएत युनियनमध्ये चेर्नोबिलच्या अणुकेंद्रात अपघात झाला, त्याबद्दलही तसंच. तिथे दुधातून आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन पोटात गेलेल्या पोरांना थायरॉइडचा कॅन्सर झाला, ते सगळे मान्य करतात. त्या आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, फक्त ८ दिवसांचं, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. मेलेल्या जन्मांवर मात्र वाद. जर्मनीत १९८७ साली पेरिनेटल मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे ५ टक्के जास्त निघाले, असं दोन संशोधकांनी मांडलं. माझ्या वहीत वर्षाला साठेक बाळंतपणं. त्यात ५ टक्के शोधायचे कुठे? त्याला अख्खा देश लागतो, आणि अख्ख्या देशाने नीट लिहिलेलं लागतं.

लिहिण्याचं सांगते. जन्माचा फॉर्म एक नंबर, मृत्यूचा दोन, मेलेलं जन्मलं तर तीन. २००४ च्या पावसाळ्यात पांझरेला पूर होता, गाडी येईना. रात्री अडीचला पोऱ्या झाला. निळा. मी तोंडातलं पाणी काढलं, पाठ चोळली, श्वास द्यायची अंबू पिशवी लावली. सासू दिवा धरून उभी. म्हणाली, "रडनाच नही व बाई. त्याले काय लिखनं?"

मी तीन नंबर भरला. छाती दोनदा हललेली मी पाहिली होती. नियमाने तो जिवंत जन्म, म्हणजे एक नंबर आणि दोन नंबर. पण अर्भकमृत्यू लिहिला की चौकशी, मीटिंगमध्ये उभं करणं. मेलेलंच जन्मलं म्हटलं की कोणी फार विचारत नसे.

म्हणून हे जपानवाले, जर्मनीवाले दोन्ही एकत्र मोजतात ते मला पटलं. माझ्यासारखीने या खान्यातला पोऱ्या त्या खान्यात टाकला तरी बेरीज तीच राहते. जो कुठेच लिहिला नाही, नदीकाठी पुरला, त्याला मात्र इलाज नाही.

आणि भीती? चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये किरणोत्सार थोडाच पोचला होता, पण डॉक्टरच घाबरले. सुरुवातीच्या गरोदरपणांपैकी सुमारे २३ टक्के पाडले गेले असा अंदाज निघाला. जानेवारी १९८७ मध्ये जन्म एकदम घटले. आमच्याकडे ग्रहणात गरवार बाई विळीला हात लावत नाही, तिला आम्ही ट्रेनिंगमध्ये हसायचो. ती निदान ग्रहण सुटलं की उठून भाकरी थापते. ग्रीसमधली ती पोरं एक नंबरात नाहीत, दोनात नाहीत, तिनातही नाहीत.

भाचा म्हणतो, वही दे, नावं झाकून एक्सेलमध्ये चढवतो. देईन. त्या रात्रीच्या ओळीवरचा ३ आधी खोडायचाय, पुढे १ आणि २ लिहायचेत. पेन्सिल शोधतेय.